तीन दिवसांत पाहून होणारं गाव

१

नरकचतुर्दशीच्या दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. वेळेत चूक नाही. जमनेला तीन वाजता औषध द्यायचं होतं, म्हणून पंचफुलानं फळीवरच्या घड्याळाकडं नुकतंच पाहिलं होतं. अजून चाळीस मिनिटं या पोरीला अंथरुणावर कशी बसवून ठेवू, याचा तिला घोर पडला होता.

जमना चार वर्षांची. दसऱ्याला तिला हिवताप लागला, तो दिवाळीच्या तोंडावर उतरला. ते कारंज्याला राहत; तिथल्याच एका दवाखान्यातल्या कंपाउंडरनं क्विनाईनच्या पुड्या बांधून दिल्या आणि बजावलं, की दिवाळीभर लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. पंचफुला मुळातच लेकराच्या शिंकेला दचकणारी. पहिलं मूल रिठदला, तिच्या माहेरी, सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं. तेव्हापासून झोपलेल्या जमनेच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो की नाही हे पाहिल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

खरं तर त्या दुपारी तिघंही वाशीमला असायचे होते. बालाजी, पद्मतीर्थ, बाजार. तीन दिवसांत काय काय पाहायचं याची यादी पंचफुलानं श्रावणातच करून ठेवली होती. सातवी शिकलेली बाई. लिहून काढल्याशिवाय तिला कोणतीही गोष्ट खरी वाटायची नाही. पण पोर आजारी पडली, आणि वर जिनच्या मालकाचा हुकूम आला. तिचा नवरा इंद्रभान गावातल्या एका जिनमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होता. आवारात कापसाचे ढीग घरांएवढे. दिवाळीत एखादा बाण उडत येऊन पडला की सगळ्याची राख. म्हणून चारही दिवस कारकुनांनी पाळीपाळीनं पहाऱ्याला बसायचं होतं.

बायकोचं उतरलेलं तोंड पाहून इंद्रभाननं एक कागद आणून दिला होता. कापूस खरेदीला येणारा एक जपानी साहेब तो टेबलावर ठेवून गेला होता.

"वाशीम नाई तं नाई," इंद्रभान म्हणाला होता. "हे त्याच्याऊन लय दूर हाय. अन् मोटारचं भाडं नाई लागत."

घड्यांचा कागद. उघडला की निम्मी चटई झाकायचा. त्यावर कोरिया नावाच्या मुलुखातल्या एका जुन्या राजधानीची चित्रं होती. गावाचं नाव केइशू. सुट्टी तीन दिवसांची असेल तर तिथं काय पाहावं आणि कोणत्या क्रमानं, ते इंग्रजीत छापलेलं. इंद्रभान मॅट्रिकला नापास झाला तरी इंग्रजी त्याला लागायचं. त्यानं प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीनं मराठी करून ठेवली होती. पहिल्या दिवशी राजांच्या समाध्या पाहाव्यात. त्या गवतानं झाकलेल्या टेकड्या असून गावाच्या मधोमध आहेत. तिथून चालत तारे पाहण्याच्या दगडी बुरुजाकडे जावं. दुसऱ्या दिवशी मोठी घंटा, नंतर तळं. तिसऱ्या दिवशी पहाटे डोंगर चढून लेण्यातला बुद्ध. तिथून समुद्र दिसतो. पायात मजबूत वहाणा असाव्यात. शेवटच्या घडीवर दोन्ही बाजूंनी झाडं असलेला एक रस्ता होता आणि खाली दोन ओळी त्यांच्याच लिपीत. तिथं इंग्रजी नव्हतंच. इंद्रभाननं अंदाजानं लिहिलं होतं, 'परतीचा रस्ता असावा.'

पंचफुलानं खेळ म्हणूनच मांडला, पण रीत सोडली नाही. यात्रेला निघणाऱ्याला करतात तसं जमनेला कुंकू लावलं, तळहातावर दही ठेवलं, शेवेचा लाडू चिंधीत बांधून कमरेला खोचला, पायांवर चूळभर पाणी घातलं आणि म्हटलं, "जाऊन ये व बाई."

"तू नाई येत?"

"मी बोट धरतो न तुह्यं."

कागदाच्या काठावर जमनेचं बोट टेकवून, त्यावर आपलं बोट ठेवून, ती दोन बोटं टेकड्यांच्या दिशेनं चालवत निघाली.

"इतली मोठी टेकडी, अन् आत राजा?" जमनेनं विचारलं. "त्याले गुदमरत नाई काय?"

"मेल्यावर कोणी गुदमरते काय, येडे!"

"मंग त्याले दार काहून नाई?"

याला काय सांगावं, म्हणून पंचफुला हसली. तेवढ्यात गल्लीतून कोणीतरी ओरडत पळालं, "जिनमंदी धूर हाय! जिनमंदी धूर!"

इंद्रभान तिथंच होता. तिनं पोरीचं बोट सोडलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून कागद भराभर दुमडला, तांदळाच्या डब्याखाली सारला आणि ती दाराकडं धावली.

२

धूर हलवायाच्या भट्टीचा होता. ओरडणाऱ्याला लोकांनी शिव्या घातल्या आणि गल्ली पुन्हा शांत झाली. पंचफुला धापा टाकत आत आली तर जमना होती तशीच मांडी घालून बसलेली. बोट तेवढं अजून चटईवर टेकलेलं.

"भेव वाटलं काय?"

जमना चटईकडंच पाहत राहिली. पंचफुलानं पुडी सोडली, पाण्यात कालवली, चमच्यानं ढवळली. तेव्हा कुठं पोर म्हणाली, "नाई. भेव कायचं?"

विचारणं आणि उत्तर यांच्यातली ही फट तिन्हीसांजेला पुन्हा ध्यानात आली. "लाडू खाल्ला काय?" असं विचारून पंचफुलानं काडी ओढली, दिवा लावला, काच पुसून बसवली, आणि मग मागून आवाज आला, "नाई, वाटनं खाईन."

पोर रुसली असेल. क्विनाईननं कान बधिर होतात, हे कंपाउंडरनंच सांगितलं होतं. कानात गुंई गुंई आवाज येतो म्हणे. बधिर माणसाला ऐकू येत नाही, हे पंचफुलाला कळत होतं. पण उशिरानं ऐकू येतं, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

३

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिच्या हातून पितळी थाळी फरशीवर पडली. जमना पाठमोरी बसून वाती चिवडत होती. थाळी गरगर फिरली, थांबली. पंचफुला जागच्या जागी उभी राहून मोजत होती. का मोजते आहे ते तिलाच कळत नव्हतं. नऊ झाले तेव्हा जमना दचकली. दोन्ही खांदे उडाले, वात हातातून पडली, आणि वळून ती म्हणाली, "काय पाडलं व माय?"

इंद्रभान पहाऱ्यावरून जेवायला आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. त्यानं पोरीला हाक मारली, वाट पाहिली, भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवून खाल्ला. मग "ओ" आली.

तो हसला. "कचेरीतला अर्ज हाय ही पोट्टी. जबाब येते, पण टाईम लागते."

"हासू नोका. मले भेव लागून राह्यलं."

"तुले कायचं भेव नाई लागत, ते सांग. मागच्या साली पोरीच्या सावलीले भेली होती तू."

हे खरं होतं. आपलं मन कातरं आहे, आपल्याला सगळ्यात काहीतरी दिसतं, असं तिनं स्वतःला समजावलं आणि करंज्या तळायला घेतल्या. दुपारी कढईतल्या तेलाचा चर्रचर्र आवाज तेवढा घरात होता. जमना भिंतीला टेकून बसली होती. कोणी काही विचारलेलं नसताना ती म्हणाली, "बुरूज पाह्यला. वरून उघडाच हाय तो. मंदात खिडकी हाय, पण चढाले पायऱ्या नाईत."

पंचफुलाच्या हातातली झाऱ्यावरची करंजी तेलात परत पडली. बुरुजापर्यंत त्यांचा खेळ गेलाच नव्हता. कागद डब्याखालून निघाला नव्हता.

"बापानं सांगतलं काय तुले?"

जमना बोलली नाही. पंचफुलानं उरलेल्या सगळ्या करंज्या तळल्या, चूल विझवली, राख भरली. मग उत्तर आलं. "बाबू कुठी हाय अठी?"

घरात ती बापाला बाबू म्हणायची. पंचफुलाला वाटलं, बाप जिनवर आहे म्हणून म्हणत असेल. दुसरं काय असणार.

संध्याकाळी जमना निखाऱ्यांकडं सरकली. "मांगं हो!" पंचफुला ओरडली. पोर पुढंच जात राहिली. तिनं झडप घालून ओढलं म्हणून हात वाचला. नंतर पूजा झाली, बत्तासे वाटून झाले, आणि देवापाशी शांत उभी असलेली जमना एकदम भिऊन दोन पावलं मागं सरली. तिच्यामागं भिंतीशिवाय काही नव्हतं.

४

पाडव्याला पंचफुलाला घरात वागण्याची नवी रीत बसवावी लागली. झोपेची अंगाई दुपारीच म्हणून ठेवायची, म्हणजे दिवेलागणीनंतर पोर डोळे मिटते. जेवायला ये म्हणून तासभर आधी सांगायचं. पण हिशेब दर वेळी चुकायचा, कारण अंतर वाढत होतं. सकाळी तासाचं होतं, दुपारी तीन तासांचं झालं. ती विचारायची, "पोटात दुखते काय?" आणि पोर म्हणायची, "हो, दोन दे." ती विचारायची, "कुठी दुखते?" आणि पोर खुदकन हसायची. कोणत्या बोलण्याचं हे उत्तर, हे आठवता आठवता पंचफुलाचं डोकं गरगरायचं. शेवटी ती कोळशानं भिंतीवर लिहू लागली: काय विचारलं, किती वाजता. उत्तर आलं की त्या ओळीवर रेघ.

दुपारी तिनं आणखी एक पाहिलं आणि ते लिहिलं नाही. जमनेचे ओठ हलले. "माय" म्हटल्यासारखे हलले आणि मिटले. आवाज आला तेव्हा ती पाणी पीत होती, पेला तोंडाला लावलेला होता.

पोरीला शालीत गुंडाळून ती दवाखान्यात घेऊन गेली. कंपाउंडरनं कानात बत्तीचा उजेड पाडून पाहिलं. "कान साफ हाय. पुड्या बंद करा. आठ दिवसांत ठिकाणावर येते."

"आठ दिवस?"

"बाई, दिवाळी हाय. घरी जा, गोड खा."

परत येताना शेजारच्या अमीनाबीनं तिला ओट्यावर थांबवलं. अमीनाबी गोधड्या शिवायची. गल्लीतल्या अर्ध्या पोरांच्या अंगावर तिच्याच हातची गोधडी असायची. तिनं जमनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिलं आणि धरलेले हात हळूच काढून घेतले.

"कहां गई थी ये?"

"कुठीच नाई व खाला. दिवाळीभर घरातच हाय."

"मले नोको सांगू. घरातल्या लेकराचे डोळे असे नसतेत. आमचा मामू हजहून आला, तं आठ दिवस असाच पाहे. अंग घरी आलं होतं, तो अजून वाटंतच होता."

पंचफुलानं मग खेळाचं सांगितलं. कुंकू, दही, लाडू, पायांवर पाणी. सांगताना तिला लाज वाटत होती. अमीनाबी हसली नाही.

"अन् आणलं कोणं?"

"कोणाले?"

"अगे, पाठवलं तू. रीतीनं पाठवलं. तुमच्यात यात्रेचा माणूस एकदम घरात येते काय? गावाच्या शिवेवर थांबते न? मंग घरचे जातेत, नारळ फोडतेत, पाय धुतेत, नाव घेऊन घरात आणतेत. हे कोणं केलं?"

पंचफुलाला ती दुपार आठवली. तिनं बोट सोडलं होतं आणि कागद दुमडून ठेवला होता.

"खेळ होता व खाला."

"तुह्यासाठी." अमीनाबीनं सुई परत गोधडीत खुपसली. "आज कितवा दिवस?"

"तिसरा."

"किती दिवसांचं गाव हाय ते?"

पंचफुला घराकडं पळाली. तांदळाचा डबा उचलला. खाली कागद नव्हता. सकाळी इंद्रभान तो जिनवर घेऊन गेला होता, पहाऱ्याच्या सोबत्यांना चित्रं दाखवायला; आणि त्याची पाळी उद्या दुपारी सुटणार होती. जिनच्या फाटकाशी जाऊन तिनं निरोप पाठवला, पण दिवाळीत आवारात बाईमाणसाला घ्यायचं नाही असा हुकूम होता, आणि एका कागदासाठी बायको फाटकावर आली म्हणून आतून हसण्याचा आवाज आला.

त्या दिवशी जमना फक्त एकदा बोलली. "डोंगर लय थंड हाय. समुद्र दिसते. इतलं पाणी कोणाचं हाय?"

५

भाऊबीजेला सकाळी भिंतीवरच्या आदल्या सकाळच्या ओळीवर रेघ पडली. म्हणजे पोर पुरा एक दिवस मागं होती. किंवा पुढं. काय म्हणावं ते पंचफुलाला सुधरत नव्हतं.

इंद्रभान दुपारी दोनला आला. बायकोचं तोंड पाहून त्यानं थट्टा केली नाही. कागद निमूट दिला. "कर तुले काय कराचं ते. पण मंग जेवजो. दोन दिवसांपासून तू जेवली नाई म्हणे."

दोन वाजून वीस मिनिटांनी तिनं कागद अंथरला. तांब्या भरून घेतला, नारळ घेतला. जमनेला मांडीवर बसवलं. या गावाची शीव कुठं, असा प्रश्न पडला. मग तिनं कागदाचा काठ हीच शीव धरली. काठावर बोट टेकवलं, आणि रडू आवरत, इंद्रभाननं लिहिलेलं एकेक वाक्य मोठ्यानं वाचत ती निघाली. समाध्या. तिथं कोणी नाही. बुरूज. घंटा. घंटेच्या चित्रापाशी बोटाला बारीक कंप जाणवला. तळं. डोंगर. लेणं. तीन दिवस संपले. बोट शेवटच्या घडीवर गेलं, झाडांमधल्या रस्त्यावर. तिथं वाचायला काही नव्हतं.

"जमने," ती म्हणाली, "जमने, चाल व घरी. माय आली शिवेवर."

आणि बोट न उचलता बसून राहिली. पाय मुंग्या येऊन बधिर झाले. बाहेर बायका भावांना ओवाळत होत्या, टाळ्या, हसणं ऐकू येत होतं. इंद्रभान एकदा दारातून डोकावून गेला. मांडीवरचं अंग ऊबदार होतं, श्वास लागत होता. तो ती पुन्हा पुन्हा पाहत होती.

दिवेलागणीला मांडीवरचं अंग हललं.

"आली व माय."

पंचफुला किंचाळलीच. तिनं पोरीला उचलून दाराशी नेलं, उंबऱ्यावर उभं केलं, पाय धुतले, नारळ आपटला. "जमने!"

"ओ!"

"जमने!"

"ओ! कितींदा बोलावतं व?"

लगेच. काडीचाही उशीर नाही. इंद्रभाननं गल्लीत साखर वाटली. अमीनाबीच्या घरीही दिली. तिनं साखर घेतली आणि विचारलं, "कधी बोलावलं अन् कधी आली?"

"दोपारी बोलावलं, दिवे लावाले आली."

अमीनाबी बोटांवर काहीतरी मोजत राहिली. पण इंद्रभान आनंदात होता आणि पंचफुला त्याहून. एका दिवसाचं अंतर चार तासांत कसं कापलं गेलं, हे तिनं त्या वेळी मोजलं नाही.

६

पोर गुणी झाली. कडू औषध तोंड वाकडं न करता घ्यायची. निखाऱ्याजवळ जायची नाही. हाक मारली की ओ. मग मग पंचफुलाच्या ध्यानात आलं, की हाक अजून आपल्या घशात असते तेव्हाच ओ येते. एकदा तर ती नुसती चुलीपाशी बसून, पोरीला भूक लागली असेल, असं मनात म्हणत होती. मागून आवाज आला, "नाई लागली."

"हुशार झाली पोट्टी," इंद्रभान म्हणाला.

भाऊबीजेपासून बाराव्या दिवशी, दुपारी. जिन सुरू झालं होतं, भिंती बारीक थरथरत होत्या. जमना पंचफुलाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पंचफुला तिच्या केसांत बोटं फिरवत होती. घड्याळ दोन वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. ते तिनं नंतर पाहिलं.

जिनच्या घरघरीखालून आवाज आला. गल्लीतून नाही, छपरावरून नाही. कुठल्या बाजूनं, ते तिला आजही सांगता येत नाही. बारीक, पलीकडच्या शिवारातून यावा तसा.

"आली व माय. अठीच हाव मी झाडात. कोणीकडून येऊ?"

पंचफुलाचा हात केसांत थांबला. तोंड उघडून ती ओ देणार, तेवढ्यात आवाज पुन्हा आला, आणखी थोडा दुरून.

"लाडू संपला व. कोणीकडून येऊ सांग न."

तिनं खाली पाहिलं.

मांडीवरची झोपली नव्हती. डोळे मिटलेले होते, पण ओठ हलत होते, आवाज न काढता. कोणीकडून येऊ. सांग न. एकेक शब्द, ऐकल्याबरोबर, मागोमाग. शाळेत मास्तर पुढं म्हणतात आणि पोरं मनात घोकतात, तसं.

पंचफुलाचा श्वास अडकला. तो अडकला तोच ओठ मिटले. डोळे उघडले.

"काय झालं व माय?" ती म्हणाली, आणि पंचफुलाचं बोट तिनं मुठीत घट्ट धरलं. "काईच नाई ऐकू येऊन राह्यलं तुले. हो न?"

७

इंद्रभान म्हणतो, पोरगी बरी झाली, आता तू बरी हो. कागद त्यानं त्याच आठवड्यात चुलीत घातला. बायकोचा जीव त्यात अडकतो म्हणून, चांगल्या मनानंच. जपानी साहेब मुंबईला गेला तो परत आला नाही. पंचफुला कोणाला दोष देत नाही. आपलंच मन कातरं असेल, असं ती अजूनही दिवसातून दोनदा म्हणून पाहते. पण घरात ती मोठ्यानं हाक मारत नाही. हाक मारली तर पोचायला बारा दिवस, आता कदाचित महिना. आणि तोपर्यंत ती पोर झाडांतून आणखी पुढं गेलेली असणार. शिवाय घरात ऐकणारी आहे.

म्हणून ती घराबाहेर सांगते. मोटारस्टँडवर, जऊळक्याच्या गाडीला बसणाऱ्यांना, कापसाच्या गठाणींबरोबर मुंबई बंदरापर्यंत जाणाऱ्या हमालांना, विहिरीवरच्या बायकांना. पदर तोंडावर धरून, हळू आवाजात, एवढंच सांगते:

"तुमी नाई जात तिकडं, मले मालूम हाय. पण तुमच्या वळखीचं कोणी जाईन, त्याच्या वळखीचं कोणी जाईन. त्या गावात तीन दिवसांचं पाहून झालं की झाडाझाडाचा एक रस्ता हाय. तठी चार वर्साची पोर दिसली तं तिले म्हणावं, जठी हायेस तठीच बस. पुढं चालू नोको. माय म्हणून हाक मारशीन अन् कोणी लगेच ओ देल्ली, तं ती तुही माय नोहोय, तिच्यासंगं जाऊ नोको. तुह्या मायची ओ उशिरानं येते म्हणावं. वाट पाह्य. एवढं सांगजा, बाप्पा. अन् ज्याले सांगसान, त्याले म्हणा, पुढच्याले सांग."